न सांगितलेली विहीर

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला जातात न जातात तोच आमच्याकडं उसाचा हंगाम सुरू होतो. एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यांवर विजेच्या तारांना टेकेल इतका रचलेला ऊस, आणि ड्रायव्हरनं कान फुटतील अशी लावलेली गाणी. कुठल्या तरी फडात उसाचं वाळकं पाचट पेटवतात आणि त्याची काजळी उडत उडत मंगळवार पेठेतल्या आमच्या गच्चीवर येते, वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टावर बसते. हातानं झटकायला गेलं की ती पसरते, नुसती फुंकरच मारावी लागते. संध्याकाळी वारा पश्चिमेचा असला तर गुऱ्हाळाचा वास येतो. काहिलीतला पाक उतरायला आला की येतो तो, थोडा गोड, थोडा करपट. पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला गेलेली आमची माणसं ह्या वासासाठी जीव टाकतात.

मला मात्र तो वास गेली तीन वर्षं नकोसा होतो. यंदाही झाला. कारण तीन वर्षांपूर्वीच्या हंगामात, ऐन थंडीत, मी वीस वर्षांच्या एका मुलीवर जळत होतो. ती माझी विद्यार्थिनी होती.

हेवा म्हटलं की बरं वाटतं. शेजाऱ्यानं नवी गाडी घेतली की हेवा वाटतो आणि पेढा खाता खाता तो त्याला सांगताही येतो. पण जे सांगता येत नाही, ज्यानं माणूस समोरच्याच्या पडण्याची वाट बघत बसतो, त्याला आमच्या गावात एकच शब्द आहे: जळणं. "जळतंय व्हय?" असं इथं भर चौकात विचारतात. मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी "छे!" म्हणालो असतो, आणि तेही हसून.

मी भूगोल शिकवतो. नोकरीला लागलो तेव्हा पीएच.डी.साठी विषय घेतला होता तो शहराच्या जुन्या पेठांमधल्या विहिरी आणि आड यांचा. सायकलवरून आठ वर्षं गल्ल्या पालथ्या घातल्या. पावलं मोजून अंतरं काढली, ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईनं एकेक विहीर उतरवली. विहिरीला गोल, घरातल्या अरुंद आडाला चौकोन, आणि जिचं पाणी वाईट तिच्यावर लाल शाईची फुली. अक्षर असं कोरलं होतं की छापलेलं वाटावं. पण प्रबंध मी दिलाच नाही. दर वर्षी वाटायचं, अजून एक गल्ली राहिली, अजून एकदा तपासायला हवं. माझे मार्गदर्शक निवृत्त होताना म्हणाले होते, "अहो, एवढ्यावर द्या आता. चुका निघाल्या तर निघू देत." त्या एका वाक्यानं मी जास्तच घाबरलो. नकाशा गुंडाळून पत्र्याच्या नळीत घातला आणि नळी कपाटावर ठेवली. कधीमधी पाहुण्यांना दाखवायचो. हातात द्यायचो नाही.

तर त्या हंगामात आमच्या कॉलेजात विद्यार्थ्यांचं एक संमेलन भरायचं ठरलं. विषय होता खुले नकाशे आणि शाश्वत विकास. आजूबाजूच्या जिल्ह्यांतल्या कॉलेजांची मुलं दोन दिवस येणार होती. खुला नकाशा म्हणजे काय, ते विभागप्रमुखांनी आम्हाला समजावून सांगितलं: इंटरनेटवर असतो, जगातला कुणीही त्यात भर घालू शकतो, दुसऱ्याचं चुकलेलं दुरुस्त करू शकतो, आणि वापरायला कुणाला विचारावं लागत नाही. मी स्टाफरूममध्ये म्हणालो, "कुणीही येऊन गिरवायचं, म्हणजे तो नकाशा की मुतारीची भिंत?" सगळे हसले. मला माझा विनोद फार आवडला होता, म्हणून अजून लक्षात आहे.

ऋतुजा त्या संमेलनाच्या कामात सगळ्यांत पुढं होती. राहणार कबनूरची. वडील यंत्रमागावर कामाला, आणि घराला लागूनच मागांची शेड. जन्मापासून त्या खडखडाटात वाढल्यामुळं तिला हळू बोलणं माहीतच नव्हतं. वर्गात शंका विचारली तरी ती व्हरांड्यात ऐकू जायची. आमच्याकडच्या पुष्कळ मुलींसारखी ती स्वतःबद्दल "मी येतो, मी बघतो" असंच बोलायची. एका तासाला दहा प्रश्न. त्यांतले दोन-तीन असे असायचे की उत्तर मला घरी जाऊन शोधावं लागायचं. वर्गात मी म्हणायचो, "चांगला प्रश्न आहे, पण विषयांतर होईल."

डिसेंबर संपत आला होता. एका दुपारी ती माझ्या टेबलाशी आली. "सर, तुमच्याकडं विहिरींचा नकाशा हाय म्हणं. लायब्ररीतलं काका सांगत हुते."

"कशाला हवाय?"

"पूर आला की सर, गावभर पाणी आणि नळाला थेंब न्हाय. पंपच बुडत्यात. मग टँकरच्या मागं पळापळ. आमच्या गटानं ठरवलंय, मंगळवार पेठंतल्या जुन्या विहिरी खुल्या नकाशावर टाकायच्या. कुठली चालू हाय, कुठल्या पाण्याचा उपयोग हुतोय. मग त्याचा कागद छापून गल्लीगल्लीत लावायचा. तुमचा नकाशा मिळाला तर चार दिवसांचं काम हाय."

चार दिवसांचं काम. मला बाकी काही ऐकू आलं नाही. माझी आठ वर्षं ह्या मुलीच्या हाती गेली की चार दिवसांची होणार होती.

"तो फार जुना आहे," मी म्हणालो. "अपुरा आहे. आणि आता सापडायचाही नाही. घर रंगवताना कुठंतरी गेला."

"असू दे की सर," ती म्हणाली. तिला जरासुद्धा संशय आला नाही. "मग आम्ही चालत काढतो."

घरी गेलो तर नळी कपाटावर होती. तिच्यावरची धूळ मी फडक्यानं पुसली. का पुसली कुणास ठाऊक.

जानेवारीत ती मुलं खरोखरच चालत सुटली. सकाळच्या थंडीत स्वेटर घालून, हातात फोन, दारोदार. विभागप्रमुखांनी मला सांगितलं, तुम्ही त्याच पेठेत राहता, एक दिवस मुलांबरोबर जा. गेलो. मनात होतं की आपण इथले जाणते, मुलं प्रत्येक कोपऱ्यावर आपल्याला विचारतील. झालं भलतंच. ऋतुजा मला विचारतच नव्हती. ती लोकांना विचारत होती. दारात रांगोळी काढणाऱ्या बाईला, दूधवाल्याला, शिलाई मशीनवर बसलेल्या आजोबांना. बोलणं ओरडल्यासारखं असल्यामुळं एकाला विचारलं की पाच जण उत्तर द्यायचे.

एका बोळात इंदूआक्कांचं घर आहे. सत्तरीच्या पुढच्या, ताठ बाई. ह्या घरापाशी माझ्या नकाशावर काही नव्हतं. गोल नाही, चौकोन नाही. मी ठामपणानं म्हणालो, "इथं आड नाही. पुढं चला." तोवर ऋतुजानं दारातून आवाज दिला होता, "आज्जे, पाणी मिळंल का प्यायला?"

"ये की आत."

ती आत गेली. तिच्यामागं आम्ही. इंदूआक्कांनी तांब्या भरून दिला. ऋतुजानं तो गटागटा रिकामा केला आणि विचारलं, "नळाचं न्हाय हे. कुठलं?"

म्हातारी हसली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक फरशी होती, तिला लोखंडी कडी. दोन मुलांनी मिळून ती उचलली. खाली काळंभोर, गार पाणी होतं, हातभर अंतरावर. त्यात आमची तोंडं दिसली. माझंही दिसलं.

"आक्का," मी म्हणालो, "पंचवीस वर्षांपूर्वी मी इथं येऊन विचारून गेलो होतो. तुम्ही नाही म्हणाला होता."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही व्हय ते पावणं? सायकलवाले? दारात सायकल तशीच धरून विचारलासा, ‘आड आहे का हो?’ सासूबाई म्हणाल्या, न्हाय म्हण. उगंच सरकारचा माणूस असायचा, मीटर बसवायचा. तुम्ही पाणीबी मागितलं न्हाई. उंबरा वलांडला असतासा तर दाखवलं असतं."

पोरं खो-खो हसली. ऋतुजासुद्धा. त्यांच्या हसण्यात काही वाईट नव्हतं. पण मला त्या क्षणी ती मुलगी सहन होईना. माझ्या आठ वर्षांच्या नकाशात एक रिकामी जागा होती, आणि तिनं ती एका तांब्याभर पाण्यात भरून काढली होती. फोनवर बोट टेकवून ती मोठमोठ्यानं म्हणत होती, "इंदूआक्कांचा आड. चालू. पाणी गोड."

त्याच दिवशी, उन्हं चढल्यावर, आम्ही निंबाच्या विहिरीपाशी आलो. एका जुन्या आवाराच्या मागं ती विहीर आहे. छान बांधलेली, वर कबुतरांसाठी जाळी, चाक, पोहरा, सगळं जागेवर. पाणी इतकं नितळ की तळातला नारळ दिसायचा. आवारात नव्यानं भाड्यानं राहायला आलेले गृहस्थ म्हणाले, "वापरायला वापरतो आम्ही. अडीनडीला उकळून प्यायलाही हरकत नाही."

ऋतुजानं तसं लिहून घेतलं.

माझ्या नकाशावर ह्या विहिरीवर लाल फुली होती. विहिरीच्या वरच्या अंगानं जुनी गटाराची लाईन जाते. पाऊसकाळात ती पाझरते, पाणी नितळच दिसतं, पण त्या पाण्यानं आवारातलं एक आख्खं कुटुंब अंथरुणाला खिळलेलं मी माझ्या सायकलच्या दिवसांत पाहिलं होतं. गटार तिथंच आहे, मी रोज त्याच्यावरून जातो. एक वाक्य बोलायचं होतं. "ऋतुजा, हिचं पाणी घेऊ नका." एवढंच.

मी बोललो नाही. तोंडात शब्द आला होता, तो मी गिळला. मनाशी म्हणालो, वेळ आली की सांगू. आणि खरं सांगायचं तर, त्या विचारानं सकाळपासून पहिल्यांदा जरा बरं वाटलं. तिच्याकडं नसलेलं काहीतरी माझ्याकडं शिल्लक होतं.

संमेलनाच्या दोन दिवसांची मला बारीकसारीक आठवण आहे. आवारात सतरंज्या, कांदेपोह्यांची मोठी पातेली, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलं. कोडोलीकडच्या एका मुलानं शिवारातल्या पाणंद रस्त्यांचा नकाशा केला होता. कुठली पाणंद पावसात बंद होते आणि दुधाची कॅन घेऊन माणसं मग कुठून जातात, ते त्यानं दाखवलं. साताऱ्याकडच्या मुलींनी गावातल्या हातपंपांचा केला होता. सगळीकडं लॅपटॉप उघडे, एकमेकांच्या पडद्यात डोकावणं चाललेलं, "अरे, हे चुकलंय," "थांब, मी करतो बरोबर." चूक निघाली की आमच्या पिढीची मान खाली जायची. ही पोरं चूक निघाली की हाका मारून दुसऱ्याला बोलवत होती. मी हॉलच्या मागच्या बाजूला हाताची घडी घालून उभा होतो आणि मला ते उथळ वाटत होतं. उथळ म्हटलं की जळणं झाकलं जातं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऋतुजाची पाळी आली. माईक बाजूला ठेवून ती बोलली, तिला तो नकोच होता. पेठेचा नकाशा पडद्यावर आला. निळे ठिपके. एकेक ठिपका, एकेक घर. इंदूआक्कांच्या फरशीखालचं पाणी दिसलं तेव्हा हॉलमधून "ओऽऽ" असा आवाज उठला. बाहेरून आलेल्या पाहुण्या बाई पहिल्या रांगेत होत्या. त्या पुढं सरकून बसल्या. "हे पुढच्या आठवड्यात छापायला टाकायचं," ऋतुजानं सांगितलं, आणि टाळ्यांचा जो कडकडाट झाला तो माझ्या छातीवर पडल्यासारखा वाटला. एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझ्या एकाही व्याख्यानाला तसल्या टाळ्या पडल्या नव्हत्या.

"कुणाचे काही प्रश्न?"

मी हात वर केला. आणि माईक मागून घेतला.

"काम स्तुत्य आहे," मी म्हणालो. माझा आवाज फार गोड निघाला. "फक्त एक गोष्ट. निंबाची विहीर तुम्ही उकळून पिण्यायोग्य दाखवली आहे. तिच्यात गटार पाझरतं. हे पाणी पिऊन पूर्वी माणसं आजारी पडलेली आहेत. असा नकाशा लोकांच्या हातात देणं धोक्याचं ठरेल. नकाशा म्हणजे जबाबदारी असते."

 पाहुण्या बाईंनी वळून माझ्याकडं पाहिलं. मी ऋतुजाकडं बघत होतो. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरण्याची वाट बघत होतो, असं लिहिताना आज माझाच उतरतो.

तिचा रंग उतरला नाही. तिनं एकच विचारलं, "सर, हे तुम्हाला कवापासनं म्हाईत हाय?"

"जुनं... जुनं निरीक्षण आहे."

 ती लॅपटॉपकडं वळली. सगळ्यांच्या देखत, पडद्यावर, तिनं त्या ठिपक्याचा रंग बदलला. "पिऊ नये. गटार पाझरते." खाली माहिती कुणाकडून मिळाली ते लिहायची जागा होती. तिथं तिनं माझं नाव घातलं, पूर्ण नाव, मागं ‘प्रा.’ लावून. सूत्रसंचालन करणारा मुलगा उत्साहानं म्हणाला, "सरांसाठी एकदा जोरदार टाळ्या!"

आणि टाळ्या पडल्या. हव्या होत्या तशा. मी मान लववून त्या घेतल्या, आणि खाली बसलो.

संध्याकाळी गाड्या लावायच्या जागी ती भेटली. मैत्रिणीच्या गाडीवर मागं बसून जायचं होतं, म्हणून स्कार्फ बांधत होती. मीच थांबलो. तिचं हळू बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं.

"सर, त्या दिवशी तुम्ही तिथंच हुतासा की. माझ्या शेजारी."

मी खिशात गाडीची किल्ली शोधू लागलो.

"छापून गेला असता आणि पुरात कोण पिलं असतं म्हणजे?"

"मी आज सांगितलं ना," मी म्हणालो.

"व्हय," ती म्हणाली. "माईकवरनं."

मैत्रिणीनं गाडी चालू केली. त्या गेल्या. हवेत तोच करपट गोड वास होता.

घरी बायकोनं विचारलं, "टाळ्या पडल्या म्हणता आणि तोंड असं, जसं काय कुणी पाकीट मारलंय." मी म्हणालो, पोहे बाधले. ती म्हणाली, "पोहे बाधल्यावर माणूस कपाटाकडं बघत बसत न्हाई."

त्यानंतर ऋतुजा वर्गात पहिल्यासारखीच येत राहिली. पहिल्या बाकावर बसायची, वही काढायची, नमस्कार करायची. फक्त प्रश्न विचारणं थांबलं. तासाला दहा प्रश्न विचारणारी मुलगी एकही विचारेना. मी मुद्दाम एकदा उत्तर-दक्षिण उलटं सांगितलं, निदान आता तरी ओरडेल म्हणून. तिनं वहीत बरोबर करून लिहिलं असावं. बोलली नाही. व्हरांडा इतका शांत मी कधी ऐकला नव्हता. तिच्या प्रश्नांचा मला त्रास होतो असं मी वर्षभर समजत होतो.

मार्चमध्ये कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं. रस्ते मोकळे झाले, हवेतला वास गेला, उन्हाळा लागला. त्या आठवड्यात एका सकाळी मी पत्र्याची नळी खांद्याला लावून कॉलेजात गेलो. रस्त्यात दोघांनी विचारलं, "सर, बंदूक आणली काय?" ऋतुजा प्रयोगशाळेत एकटीच काम करत होती. मी नळी टेबलावर ठेवली.

"सापडला," म्हणायचं ठरवून गेलो होतो. तोंडातून निघालं, "हरवला नव्हता."

तिनं मान हलवली. तिला ते माहीत असावं. आम्ही दोघांनी मिळून कागद उलगडला, चार कोपऱ्यांवर चार डस्टर ठेवले. ती वाकली, आणि बराच वेळ वाकूनच राहिली. बोटानं न टेकता एकेक नाव वाचत गेली. मी इंदूआक्कांच्या बोळातल्या रिकाम्या जागेकडं बघत होतो, आता ती बोलेल म्हणून. आणि मग तिचा तो आवाज आला, भिंती हादरवणारा. "सर! काय अक्षर हाय ओ!"

मग म्हणाली, "आमच्या बॅचमधी सगळी म्हणत्यात, ऋतुजाला लय भारी जमतंय. मलाबी तसंच वाटत हुतं. ह्ये बघितलं आणि जळलं की ओ माझं. मला असं जन्मात जमायचं न्हाई."

आणि ती हसली. इतकं सोपं होतं ते. मी तीन महिने ज्याच्यावर झाकण दाबून बसलो होतो, ते तिनं पोह्यावर लिंबू पिळावं तसं पिळून टाकलं. तिचं जळणं तिथंच संपलं. माझं त्यानं जास्त वाढलं. ज्या माणसाला असं हसत जळता येतं, त्याच्यावर नाही जळायचं तर कुणावर?

"ऋतुजा," मी म्हणालो, "निंबाच्या विहिरीचं... मी चुकलो." एवढंच जमलं.

"व्हय सर," ती म्हणाली. "चुकलासा." आणि खुर्ची ओढून मला म्हणाली, "बसा. तुमच्या नावानं खातं काढूया. तुमच्या विहिरी तुम्हीच टाका. मी टाकल्या तर माझं नाव पडंल, ते बरं दिसत न्हाई."

वीस वर्षांच्या मुलीसमोर मी विद्यार्थ्यासारखा त्या खुर्चीवर बसलो. माऊस हातातून निसटत होता. पहिला ठिपका नदीच्या पात्रात पडला. मी घाबरून हात उचलला तर ती मागून ओरडली, "सर, काय हुत न्हाई! वढा परत! चुकलं तर दुसरं कोणतरी नीट करतंय!" जूनपर्यंत, दर शनिवारी दोन तास बसून, मी माझ्या विहिरी टाकल्या. पीएच.डी. झाली नाही ती नाहीच.

त्या पावसाळ्यात पाणी चढलं आणि आमच्या भागात काही दिवस नळ कोरडे राहिले. गल्लीच्या तोंडाला भिंतीवर तो छापलेला कागद होता, प्लास्टिकमध्ये घालून चिकटवलेला. इंदूआक्कांच्या दारात घागरी-बादल्यांची रांग लागली होती. त्या उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि सगळ्यांना चपला काढायला लावत होत्या. मीही बादली घेऊन रांगेत होतो. माझ्या पुढची बाई मागच्या बाईला सांगत होती, "कबनूरच्या एका पोरीनं केलाय म्हणं ह्यो नकाशा. लय हुशार पोरगी." भिंतीवर निंबाच्या विहिरीपुढं लाल फुली होती आणि खाली बारीक अक्षरात माझं नाव. ते कुणी वाचत नव्हतं. मला वाटलं, सांगावं त्या बाईला. बादली पुढं सरकवली आणि गप्प राहिलो. त्या दिवशी गप्प राहणं बरोबर होतं. पण ते पहिल्यापेक्षा जास्त अवघड गेलं.

ऋतुजा आता दुसऱ्या शहरात नोकरी करते. नकाशांचंच काम आहे. अधूनमधून फोन येतो. कानापासून हातभर लांब धरावा लागतो. मागच्या महिन्यात म्हणाली, परदेशातल्या एका संमेलनात बोलायला बोलावलंय. मी म्हणालो, "वा, अभिनंदन!" आणि ते मनापासून म्हणालो. फोन ठेवल्यावर मात्र गच्चीवर गेलो आणि शर्टावरची काजळी फुंकत बराच वेळ उभा राहिलो. दोन्ही खरं आहे. माणसाच्या पोटात दोन्ही शेजारी शेजारी राहतात, एका आवारातल्या बिऱ्हाडांसारखी, आणि कधी एकमेकांच्या घरून विरजणही मागून नेतात.

आणि आता ह्या हंगामातली गोष्ट. गेल्या आठवड्यात संगणक उघडला तर सूचना आली होती. मी टाकलेली एक विहीर कुणीतरी हलवली होती. तालमीमागची, गल्लीच्या उजव्या अंगाला मी दाखवलेली, ती कुणीतरी डाव्या अंगाला नेऊन ठेवली होती. नाव ओळखीचं नव्हतं, नाव म्हणजे तरी काय, चार अक्षरं आणि दोन आकडे. बाई की पुरुष, इथलं की बाहेरचं, काही कळायला मार्ग नाही. माझं डोकं असं तापलं! पावलं मोजून काढलेली विहीर. सायकल भिंतीला लावून, दोन वेळा मोजून. कोण हा उपटसुंभ? चहा तसाच टाकून चपला घातल्या आणि निघालो, त्याला चुकीचं ठरवायला.

तालमीच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ ऊन खात बसले होते. मी गल्लीच्या उजव्या बाजूला जाऊन भिंतीपलीकडं डोकावलो. तिथं एक जुना रिकामा हौद होता, पालापाचोळ्यानं भरलेला.

"काय शोधताय पावणं?"

"विहीर."

"ही काय, माझ्या पाठीमागं! तिकडं काय बघतासा?"

मी गेलो. तिथं विहीर होती. पायऱ्यांची, जुनी, चांगल्या दगडाची. पाण्यावर उन्हाची तिरीप पडली होती.

"ही कायम इथंच होती का?" मी विचारलं.

म्हाताऱ्यानं मला नीट बघून घेतलं. "विहीर काय चालत जाती व्हय?"

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो. पंचवीस वर्षांपूर्वी इथं कुठल्या कोपऱ्यावरून पावलं मोजायला सुरुवात केली होती ते आठवायचा प्रयत्न केला. तालमीच्या दारातून की मागच्या बोळातून? आठवलं नाही. रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली, गाण्याचा एक तुकडा गल्लीत शिरला आणि निघून गेला. त्या चार अक्षरं आणि दोन आकड्यांच्या माणसाचं वय काय असेल, त्यानं कुणाच्या दारात पाणी मागितलं असेल, त्याला हे किती लवकर जमलं असेल, हे सगळं मनात येत होतं. जळत होतं, खोटं कशाला सांगू.

खिशातून फोन काढला. त्या बदलाखाली दोन शब्द लिहायची सोय असते. चष्मा वर करून, एकेक अक्षर शोधून मी लिहिलं: बरोबर आहे तुमचं. मी चुकीच्या अंगाला दाखवली होती.

"घरला निरोप धाडताय?" म्हाताऱ्यानं विचारलं. "का वळखीचं हाय कोण?"

"न्हाय," मी म्हणालो, आणि पाठवून दिलं.